'डर्टी डान्सिंग' रंगमंचावर: नायक-नायिका गातच नाहीत, मग हे संगीत नाटक कसं?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

२०२३ च्या सुरुवातीला आई माझ्याकडे लंडनला आली होती. तेव्हा डोमिनियन थिएटरला 'डर्टी डान्सिंग' लागलं होतं. आईचा कान नाट्यसंगीतावर पोसलेला. तिला काहीतरी 'इथलं संगीत नाटक' दाखवावं म्हणून तिकिटं काढली, तीही हौसेने अगदी पुढची. मध्यंतरात चहा हातात घेऊन ती म्हणाली, "छान चाललंय गं. पण ही दोघं गाणार कधी?"

म्हटलं, "नाही गात ती."

"का? आवाज बसलेत का?"

मी हसले, पण उत्तर काही सापडलं नाही. कारण २००९ मध्ये मी हेच नाटक ऑल्डविच थिएटरला एकटीने पाहिलं होतं आणि बाहेर पडताना माझीही हीच तक्रार होती. नाटकभर गाणी आहेत, पण बेबी आणि जॉनीच्या तोंडी एकही नाही. गाणी बाजूची पात्रं म्हणतात, काही चक्क मूळ ध्वनिमुद्रण लावून वाजतात, आणि ही दोघं फक्त नाचतात.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी: १९६३ चा उन्हाळा, न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरातलं केलरमन्स नावाचं सुट्टीचं ठिकाण. डॉक्टर हाउसमन बायको आणि दोन मुलींना घेऊन आलेले. धाकटी फ्रान्सिस, जिला सगळे 'बेबी' म्हणतात. तिथला नृत्यशिक्षक जॉनी. त्याची जोडीदारीण पेनी अडचणीत सापडते, दुसऱ्या हॉटेलातला मांबो नाचाचा कार्यक्रम बुडणार असतो, आणि नाचाचा गंध नसलेली बेबी तिच्या जागी उभी राहते. सिनेमा १९८७ चा. नाटक सिडनीच्या थिएटर रॉयलमध्ये नोव्हेंबर २००४ मध्ये आलं, मग हॅम्बुर्ग, आणि ऑक्टोबर २००६ ला लंडन. तिथे पडदा वर जाण्याआधीच आगाऊ विक्रीचा विक्रम झाला होता. ऑल्डविचचा मुक्काम २०११ पर्यंत चालला.

या वेळी मात्र माझं मत उलटं झालं. ती दोघं गात नाहीत हेच या नाटकातलं सगळ्यात शहाणपणाचं काम आहे, असं आता वाटतं. का वाटतं ते नीट मांडता येत नाहीये, म्हणून हा धागा.

---

कलिंगड

पहिली! माझं इथलं नाव कुठून आलं ते सिनेमा पाहिलेल्यांना कळलंच असेल. सिनेमा किती वेळा पाहिला ते मोजणं सोडून दिलंय. सविस्तर नंतर लिहिते, तोवर रुमाल.

---

पेटीमास्तर

ताई, मत नोंदवतो, राग मानू नका. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' उभं केलं, तेव्हापासून आपल्याकडे हिशेब साधा आहे: जो भूमिकेत उभा, तोच गाणार. सिनेमात पार्श्वगायन चालतं, कारण तिथे सगळंच जोडकाम. रंगमंचावर नट दोन हातांच्या अंतरावर उभा असताना आवाज टेपमधून? याला माझ्या लेखी संगीत नाटक म्हणत नाहीत. सिनेमाची गाणी लावून केलेलं गॅदरिंग म्हणतात.

---

नवी_वही

@पेटीमास्तर, गॅदरिंग 😂

पण त्यांनी तरी याला म्युझिकल कुठे म्हटलंय? पूर्ण नावातच 'द क्लासिक स्टोरी ऑन स्टेज' आहे. म्हणजे रंगमंचावरची ती गोष्ट. दावाच केला नाही, तर खोडायचं काय?

---

पेटीमास्तर

नाव काहीही ठेवा हो. प्रेक्षक गाणी ऐकायलाच येतात ना?

---

रंगपटातला_उंदीर

थोडी पार्श्वभूमी देतो. मूळ पटकथा एलिनॉर बर्गस्टीन या बाईंची, आणि नाटकाची संहिताही त्यांनीच लिहिली. गोष्ट बरीचशी त्यांची स्वतःची. ब्रुकलिनमधल्या ज्यू डॉक्टरची धाकटी मुलगी, घरातलं नाव 'बेबी', उन्हाळ्यात कॅट्सकिलला जाणं, आणि पोरवयात 'डर्टी डान्सिंग' प्रकारच्या नाचाच्या स्पर्धा गाजवणं. १९८० च्या एका सिनेमासाठी त्यांनी असा एक नाच लिहिला होता, तो निर्मात्यांनी कापला. त्या रागातून ही पटकथा आली.

नाटक करा म्हणून लोक पुष्कळ वर्षं मागे लागले होते, त्या नाही म्हणत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की लोक हा सिनेमा पुन्हापुन्हा लावतात ते काही नवं बघायला नव्हे. ते सगळं घडत असताना आपण तिथे असावं, असं त्यांना वाटतं. तसं असेल तर या गोष्टीची जागा रंगमंचावरच. पण गाणारी बेबी आणि गाणारा जॉनी त्यांना नकोच होते.

आता गंमत ऐका. सिनेमातली नटमंडळी बघा कोण आहेत:

डॉक्टर बाबा म्हणजे जेरी ऑरबाक, ब्रॉडवेचा (न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचा) मुरलेला गायक-नट, १९६९ चा टोनी (तिथला मानाचा नाट्यपुरस्कार) संगीत नाटकासाठी. आई म्हणजे केली बिशप, 'अ कोरस लाइन'च्या मूळ संचातली, टोनी १९७६. हॉटेलच्या बँडचा म्हातारा प्रमुख म्हणजे हनी कोल्स, टॅप नाचातलं मोठं नाव, टोनी १९८३. बेबी झालेल्या जेनिफर ग्रेचे वडील जोएल ग्रे, त्यांना 'कॅबरे'तल्या सूत्रधारासाठी टोनी आणि ऑस्कर दोन्ही. आणि खुद्द पॅट्रिक स्वेझीने ब्रॉडवेवर 'ग्रीस'मध्ये डॅनी केलेला.

घरभर गवई, आणि हाउसमन कुटुंबात गातं कोण? थोरली मुलगी लिसा. तेही हवाईयन नाच करताना, आणि बेसूर.

म्हणजे गाणं टाळलं ते जमत नव्हतं म्हणून नव्हे.

---

कलिंगड

उंदीरभाऊ, दंडवत! लिसाचं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

यात माझी भर. सिनेमात स्वेझीच्या आवाजात एक आख्खं गाणं आहे, 'शी इज लाइक द विंड', आणि त्याच्या दोन गीतकारांपैकी एक तो स्वतःच. पण ते मागे वाजतं. पडद्यावरचा जॉनी ओठ हलवत नाही. नट गातोय आणि पात्र गप्प!

---

खडूस_आजोबा

मी नंतरच्या एका दौऱ्यात हे नाटक पाहिलं. माझ्या मागच्या रांगेतल्या बायका नायकाने सदरा काढल्यावर अशा किंचाळल्या की पुढची पाच मिनिटं मला काही ऐकू आलं नाही. त्यामुळे कोण गात होतं आणि कोण नाही याबद्दल मी साक्ष देऊ शकत नाही.

---

तिसरी_घंटा

आजोबा 😂 आमच्याकडेही तेच झालं. आईने कानावर हात ठेवले आणि डोळे उघडे ठेवले.

---

ठेका_चुकला

मी तीन वर्षं साल्सा आणि मांबो शिकतोय (नाव बघून प्रगतीचा अंदाज करावा). ताईंच्या प्रश्नाचं उत्तर नाचाच्या बाजूने देऊन बघतो. लांबेल.

मांबोची खोड अशी की पाऊल पहिल्या मात्रेवर तोडायचं नसतं, दुसरीवर तोडायचं. चार मात्रांच्या संगीतात कान पहिल्या मात्रेकडे धावतो. आपलं तर सगळं वळणच समेवर येऊन पडायचं. इथे सम समोर दिसतेय, आणि ती जाऊ द्यायची. थांबायचं. मग दुसरीवर निघायचं. ज्याला हे सांगितलंय त्याचंही अंग पहिल्या मात्रेला आपोआप सुटतं. बेबीची सुरुवातीची चूक हीच, घाईघाईने लवकर निघते. जॉनी तिला दुसरीवर निघ म्हणून बजावतो, आणि नंतर तिचा हात स्वतःच्या छातीवर ठेवून हृदयाचा ठोका ऐकवतो. ही नाटकी आयडिया नाही, कुठलाही बरा शिक्षक शेवटी आकडे सोडून अशाच कशावर तरी येतो.

आता हा सगळा शिकण्याचा भाग बघा. सिनेमात तो तुकड्यातुकड्यांत कापलाय: पायऱ्या, पूल, पाऊस, ओंडका, तळं. प्रत्येक तुकड्यात ती थोडी बरी. कात्रीने निम्मं शिकवून दिलं. रंगमंचावर कात्री नाही. तिथे उत्तम नाचणाऱ्या मुलीला आधी वाईट नाचावं लागतं, आणि नुसतं वेडंवाकडं चालत नाही. चूक ठरल्या मात्रेवर व्हावी लागते, नाहीतर जोडीदाराचा पाय चिरडला जाईल. मग ती चूक थोडी थोडी कमी करत न्यायची. खांदे किती वर, नजर किती वेळ पायाकडे, कोपर कधी ढिलं पडतं. अडीच तासांत एक शरीर आपल्या डोळ्यांदेखत बदलतं.

अशा वेळी ती मध्येच थांबून 'मी आता बदलते आहे' असं गायली, तर जे पायांत दिसतंय ते तोंडाने पुन्हा सांगितल्यासारखं होईल. संगीत नाटकात शब्द पुरेनासे झाले की गाणं येतं, बरोबर ना मास्तर? इथे त्या जागी नाच येतो. ती जागा दोघांना कशी देणार?

---

नवी_वही

+१ , कडक प्रतिसाद.

---

पेटीमास्तर

ठेका, प्रतिसाद मनापासून आवडला, आणि 'समेला जाऊ द्यायची' यावर मी दोन दिवस तबल्यापाशी बसणार हे नक्की. पण एक विचारतो. 'बिली एलियट'मध्येही मुलगा नाचच शिकतो. तिथे तो गातो. २००५ सालचं नाटक, संगीत एल्टन जॉनचं, आणि अकरा वर्षं चाललं. नाचताना काय वाटतं असं परीक्षक विचारतात, तो मुलगा गायला लागतो आणि गाता गाता नाचात शिरतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिथे दोन्ही एका जागी मावलंच की.

---

रंगपटातला_उंदीर

मास्तर, मुद्दा पक्का आहे. पण बिलीला ते *सांगायचं* असतं. समोर परीक्षक बसलेत, त्यांनी प्रश्न विचारलाय, आणि मुलाकडे शब्द नाहीत. बेबीची अडचण नेमकी उलटी. ती बोलघेवडी आहे. कॉलेजला अविकसित देशांचं अर्थशास्त्र शिकणार, पीस कोअरमध्ये (परदेशात सेवेला स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकी सरकारी संस्था) जाणार, बाबांशी जगावर चर्चा करते. शब्दांची कमतरता तिला कधीच नव्हती. तिला शब्द बाजूला ठेवायला शिकायचंय. तिच्या तोंडी आणखी गाणं घालणं म्हणजे मधुमेह्याला पेढा.

उलट उदाहरण हवं असेल तर 'सॅटर्डे नाइट फीवर' घ्या. सिनेमात (१९७७) कुणी गात नाही, सगळं मागे वाजतं. १९९८ ला लंडन पॅलेडियमला नाटक आलं तेव्हा तीच गाणी पात्रांच्या तोंडी दिली. आता त्या सिनेमातला टोनी हा आठवडाभर रंगाच्या दुकानात घुसमटणारा पोरगा. मनातलं बोलता येत नाही म्हणून शनिवारी नाचतो. तो आपलं दुःख सुरात सांगायला लागला की नाचायची गरजच संपते. नाटक चाललं, पण मला तरी ते पोकळ वाटलं.

---

खडूस_आजोबा

कथकलीत नट तोंड उघडत नाही, मागे दोघे उभे राहून गातात. संगीत बारीत गाणारी मागे बसते आणि नाचणारी पुढे असते. शेकडो वर्षं आपण हे बिनतक्रार बघतोय. साहेबाने केलं की लगेच 'हे कसं काय?' मास्तर, तुमचा हिशेब फक्त १८८० पासूनचा आहे. त्याच्या आधीही लोक रात्ररात्र जागत होते.

---

पेटीमास्तर

आजोबांनी विकेट काढली. मान्य. बारीत गाणारी वेगळी आणि अदाकारी वेगळी असू शकते, हे मी सोयीस्कर विसरलो होतो.

पण टेप? मागे माणूस गात असेल तर माझी तक्रार निम्मी मिटली. ध्वनिमुद्रण वाजवण्याबद्दलची निम्मी शिल्लक आहे, आणि ती मी सोडणार नाही.

---

तिसरी_घंटा

मास्तर, ती तक्रार माझीही आहे. जिथे समोर बँड आणि गायक होते तिथे प्रेक्षागृह गरम व्हायचं, आणि ध्वनिमुद्रण सुरू झालं की घरात कुणीतरी रेडिओ लावल्यासारखं वाटायचं. त्यांची अडचण मी समजू शकते. लोकांच्या कानात तेच जुने आवाज बसलेत, सोलोमन बर्क, ओटिस रेडिंग. पण अडचण समजली म्हणून गोड लागत नाही.

शेवटचं मोठं गाणं मात्र प्रत्यक्ष गातात. आणि गातं कोण, तर जॉनीचा चुलतभाऊ बिली, सिनेमात कलिंगडं वाहून नेणारा तोच, आणि त्याच्या जोडीला एलिझाबेथ नावाचं नाटकासाठी नव्याने घातलेलं पात्र. त्यांच्या गाण्यावर ती दोघं नाचतात. आजोबांची बारीच म्हणा ना.

---

कलिंगड

आता सविस्तर. माझं मत या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. गाण्यावर इतकं बोललो, पण नाटकाची खरी गोची म्हणजे ते सिनेमाला घाबरतं. प्रत्येक वाक्य, प्रत्येक फ्रॉक, प्रत्येक पायरी जशीच्या तशी. तळ्यातला, पाण्यात उचलीचा सराव करतात तो प्रसंग घ्या. सिनेमात तो बघताना अंगावर काटा येतो. चित्रीकरण झालं १९८६ च्या शरद ऋतूत, पाणी इतकं गार की ओठ निळे पडायचे, म्हणून तिथे जवळून घेतलेली दृश्यं नाहीत. झाडांची पिकलेली पानं उन्हाळा दिसावा म्हणून हिरवी रंगवली होती! आणि रंगमंचावर? झिरझिरीत पडद्यावर पाणी दाखवतात, मागे दोघं कमरेपर्यंत दिसतात, आणि 'धपाक' असा आवाज. सगळं प्रेक्षागृह हसलं. मीही हसले. ते त्यांनी जाणूनबुजून गमतीत सोडवलंय की नाइलाज होता, ठाऊक नाही, पण तिथे रंगमंचाला स्वतःचं काही सुचायला हवं होतं.

बर्गस्टीनबाईंनी नव्याने जे घातलंय तेही चिकटवल्यासारखं वाटतं. नागरी हक्कांच्या चळवळीचा भाग, 'वी शॅल ओव्हरकम'. १९६३ चा ऑगस्ट म्हणजे वॉशिंग्टनचा मोर्चा, संदर्भ अचूक आहे. पण शेकोटीभोवती बसून गाणं म्हटल्याने गोष्ट पुढे सरकत नाही.

---

नवी_वही

चिकटवलेलं असेल, पण पेनीचा भाग तसा नाही ना? माझ्या मैत्रिणींना तर आठवतही नाही की सगळं कथानक एका बेकायदा गर्भपातावर उभं आहे. तो नसता तर बेबीला मांबो शिकायचं कारणच नव्हतं.

---

कलिंगड

बरोबर, आणि बाईंनी ते मुद्दाम तसं विणलंय. सिनेमाच्या वेळी मुरुमांच्या क्रीमची एक कंपनी जाहिरातीसाठी जोडली जाणार होती, गर्भपाताचं कळल्यावर मागे हटली. पण तो काढला तर गोष्टच कोसळते, म्हणून काढता आला नाही. न्यूयॉर्क राज्यात गर्भपात कायदेशीर झाला १९७० ला, देशभर सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालाने. सिनेमा आला तेव्हा लोक म्हणायचे, हे आता कशाला?

---

तिसरी_घंटा

आणि २०२२ च्या जूनमध्ये तो निकाल उलटला. मी २०२३ मध्ये बघत होते. २००९ ला पेनीच्या त्या प्रसंगात लोक खोकत होते, चॉकलेटचे कागद वाजत होते. या वेळी टाचणी पडली तरी ऐकू आली असती. संहिता साधारण तीच, बसलेली माणसं बदलली.

---

ठेका_चुकला

उडीबद्दल कुणीच बोललं नाही अजून! शेवटची लिफ्ट.

लोकांना वाटतं तो तिला उचलतो. निम्मंच खरं. ती धावत येते, शेवटच्या पावलाला पुढे नव्हे तर *वर* उडी मारते. त्याचे गुडघे वाकलेले, तळवे तिच्या कमरेच्या दोन हाडांपाशी, आणि तिच्या उडीचा जोर संपायच्या आत हात सरळ होऊन कोपरं लॉक. त्यानंतरचं सगळं तिचं: पाठ, पोट, मांड्या लाकडासारख्या ताठ, आणि नजर समोर. खाली बघितलं की डोकं जड होतं आणि नाकावर आपटायची वेळ येते. म्हणून पाण्यात सराव. पडलं तर पडलं.

जेनिफर ग्रे या लिफ्टला इतकी घाबरायची की सराव टाळत राहिली, आणि चित्रीकरणाच्या वेळीच ती मारली, असं सांगतात. सिनेमात एकदा जमली की कायमची जमली. नाटकात आठवड्याला आठ प्रयोग, म्हणजे आठ लिफ्ट.

---

रंगपटातला_उंदीर

आणि म्हणूनच प्रत्येक प्रयोगाआधी 'लिफ्ट कॉल' असतो. प्रेक्षक आत यायच्या आधी, अर्धवट वेशात, दोघं येऊन अवघड उचली करून बघतात. आज पाठ दुखतेय का, मजला निसरडा आहे का, बदली नट आहे का. विंगेत त्या वेळी कुणी बोलत नाही.

सिनेमाचं नृत्यदिग्दर्शन केनी ऑर्टेगाचं, सिडनीतल्या मूळ नाटकाचं केट चॅम्पियनचं. ती बाई समकालीन नृत्यातली, स्वतःची कंपनी चालवायची. आणि पहिला जॉनी, जोसेफ ब्राउन, ऑस्ट्रेलियन बॅलेतला नर्तक. निवड करतानाच ठरलं होतं की गळा नव्हे, अंग बघायचं.

---

पेटीमास्तर

ही बाजू ठाऊक नव्हती. मग माझी एक शंका, प्रामाणिकपणे विचारतोय. आमच्याकडे गवई नटाने तान घेतली की श्रोता 'आता समेवर येतो का' म्हणून पुढे सरकतो. आला की दाद. त्या लिफ्टला तसं होतं का? लोकांना तर आधीच ठाऊक आहे ती जमणार.

---

तिसरी_घंटा

होतं, मास्तर. अगदी तसंच. जॉनी येतो, 'बेबीला कुणी कोपऱ्यात बसवायचं नाही' हे प्रसिद्ध वाक्य म्हणतो, लोक ओरडतात. नाच सुरू होतो, लोक टाळ्यांनी ठेका धरतात. आणि ती धावायला लागली की सगळा आवाज एकदम बंद. सगळ्यांना शेवट पाठ आहे, तरी श्वास अडकतो, कारण ही मुलगी खरी आहे आणि खाली पाणी नाही.

आईने माझा हात घट्ट धरला होता. वर गेल्यावर तिच्या तोंडून निघालं, "वाहवा!" मराठीत, मोठ्याने. शेजारच्या गोऱ्या बाईने वळून पाहिलं आणि मान डोलावली.

---

खडूस_आजोबा

वन्स मोअर मागितला नाही?

---

पेटीमास्तर

आईंना माझा नमस्कार सांगा. त्या पाघळल्या असतील तर मीही एकदा बघून येईन म्हणतो. टेपबद्दलचं मत कायम ठेवून.

---

तिसरी_घंटा

आजोबा, मागितला असता तर त्या पोराने जीव दिला असता.

काल आईला फोनवर हा सगळा धागा वाचून दाखवला. लिसा बेसूर गाते यावर ती खूप हसली. मास्तरांचा नमस्कार पोचला. म्हणाली, त्यांना सांग, जातील तेव्हा तिकीट वरच्या बाल्कनीचं काढा. तू मला अगदी पुढे बसवलंस, तिथून त्यांचे पाय दिसत नव्हते.